घरातला सुवास, नाक्यावरचा चहा: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत मेणबत्त्या, उदबत्त्या आणि कपाटातल्या कुबट वासाचे प्रश्न सर्वाधिक होते. त्याखालोखाल चहाचे. एकाच तक्रारीची अनेक पत्रे होती, त्यांना मिळून एक उत्तर दिले आहे.

काचेच्या ग्लासातली सुगंधी मेणबत्ती मधोमध खड्डा पडून विझते. कडेचे मेण तसेच राहते. मेणबत्तीच खराब आहे का? (नाशिक)

बहुतेक वेळा मेणबत्ती चांगली असते, पहिली जाळणी लवकर थांबवलेली असते. पहिल्यांदा पेटवल्यावर वितळलेले मेण ग्लासच्या कडेपर्यंत पोहोचू द्यावे लागते. ते अर्ध्यावर असताना विझवले की बाहेरचे कडे घट्टच राहते आणि पुढच्या वेळी ज्योत आतल्या वर्तुळातच खाली उतरत जाते. सोपा हिशेब असा: ग्लासच्या तोंडाच्या दर अडीच सेंटिमीटर रुंदीला सुमारे एक तास. सात सेंटिमीटरचा ग्लास असेल तर पहिल्या दिवशी पावणेतीन-तीन तास हाताशी ठेवूनच पेटवा. पाहुणे दाराशी आल्यावर दहा मिनिटांसाठी लावायची वस्तू ही नव्हे.

खड्डा आधीच पडला असेल तर अॅल्युमिनियमच्या फॉइलने ग्लासचे तोंड झाका आणि मध्ये तीन-चार सेंटिमीटरचे भोक ठेवा. उष्णता आत कोंडली की कडेचे मेण तासाभरात खाली येते. या वेळात खोली सोडून जाऊ नका आणि फॉइल ज्योतीला टेकू देऊ नका.

प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर उरेल इतकी कापा. लांब वातीची ज्योत मोठी होते, तिला पुरेशी हवा मिळत नाही, मग काजळी धरते आणि ग्लास काळा पडतो. पंखा चालू असेल तर ज्योत एका बाजूला झुकते, तेवढीच बाजू वितळते. सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नका. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरले की थांबायचे, कारण त्याखाली काच तापून तडकू शकते. हे सगळे करूनही खड्डा पडत असेल, तर मात्र वात ग्लासच्या मानाने बारीक आहे आणि तो दोष बनवणाऱ्याचा.

सोया मेणाच्या मेणबत्त्या घरी करते. गार असताना छान वास येतो, पेटवल्यावर काहीच नाही. (कोल्हापूर)

तीन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे तेल. स्वयंपाकात वापरायचे व्हॅनिला किंवा गुलाबाचे इसेन्स पाण्यात नाहीतर अल्कोहोलमध्ये केलेले असते. ते मेणात मिसळत नाही, तळाशी थेंब होऊन बसते आणि वात तडतडते. मेणबत्तीसाठी म्हणून विकले जाणारे सुगंधी तेलच हवे.

दुसरी गोष्ट प्रमाण आणि तापमान. २०० मिलिलिटरच्या ग्लासला १५० ग्रॅम मेण पुरते. त्यात ८ टक्के म्हणजे १२ ग्रॅम तेल. चमच्याने मोजू नका, वजनकाट्यावर घ्या. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून मेण ८० अंशांपर्यंत तापवा, आचेवरून उतरवा, तेल घाला आणि दोन मिनिटे सावकाश ढवळा. जोरात ढवळले तर हवेचे बुडबुडे अडकतात. मेण ६० अंशांच्या आसपास आले की ओता. तेलाचे प्रमाण १५-२० टक्क्यांवर नेले तर सुगंध वाढत नाही, उलट मेणाला घाम फुटल्यासारखे तेल वर येते.

तिसरी गोष्ट धीराची, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. सोया मेण दुसऱ्या दिवशी घट्ट दिसते, पण तेल त्यात नीट मुरायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर झाकण लावून अंधाऱ्या जागी ठेवा. वर पांढरट बुरा दिसला तर तो सोया मेणाचा स्वभाव आहे. त्याने जळण्यात किंवा वासात फरक पडत नाही.

रीड डिफ्यूजरचा (सुगंधी तेलाच्या बाटलीत काड्या उभ्या असतात तो) वास पंधरा दिवसांत नाहीसा होतो. बाटलीत तेल मात्र दिसते. (पुणे)

आधी शेजारच्या कोणाला तरी घरात बोलवून विचारा. सतत एकाच वासात राहिल्यावर नाक तो नोंदवणे थांबवते. तेल, काड्या, खोली सगळे जागच्या जागी असते, फक्त घरच्यांना जाणवत नाही. मग माणूस आणखी तेल ओततो आणि आलेल्या पाहुण्याचे डोके दुखते. दोन दिवस बाटली झाकून ठेवा किंवा दुसऱ्या खोलीत न्या, म्हणजे खरे काय ते कळेल.

पाहुण्यालाही वास आला नाही तर काड्या बघा. त्या वेताच्या हव्यात. वेताच्या काडीत टोकापासून टोकापर्यंत बारीक नळ्या असतात आणि त्यांतून तेल वर चढते. कबाबाच्या बांबूच्या काड्या त्याजागी चालत नाहीत, त्यांतून तेल नीट चढत नाही. दहा बाय बाराच्या खोलीला सहा काड्या पुरतात. आठवड्यातून एकदा उलट्या करा, तेही बेसिनवर, कारण लाकडी टेबलावर थेंब पडला तर पॉलिश उतरते. दोन महिन्यांनी काड्या बदला. धूळ आणि घट्ट झालेले तेल बसून त्या बुजतात. नवीन वासाला जुन्या काड्या वापरू नका.

जागा पंख्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात नको. तिथे तेल उडून जाते आणि घरात काही राहत नाही. दरवाजाजवळ, जिथे येता-जाता हवा हलते, तिथली जागा उत्तम.

पावसाळ्यात कपाट उघडले की कुबट वास येतो. सुगंधी पुड्या ठेवल्या, पण दोन्ही वास मिसळून आणखी वाईट झाले. (रत्नागिरी)

कोकणातून आणि मुंबईच्या उपनगरांतून दर जून-जुलैत हा प्रश्न येतो. कुबट वास बुरशीचा असतो आणि बुरशी ओलाव्यावर जगते. ओलावा तसाच ठेवून वर सुगंध घातला की तुम्ही म्हणता तेच होते. म्हणून आधी कपाट, मग सुगंध.

उघडीप मिळेल त्या दिवशी कपाट पूर्ण रिकामे करा. आतून सनमायका असेल तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडका घट्ट पिळून पुसा. नुसते लाकूड असेल तर ओल्या फडक्याने घासू नका, लाकूड पाणी पिते. कोरड्या ब्रशने बुरशी झाडा, नाकावर रुमाल बांधून. नंतर टेबलफॅन कपाटाच्या तोंडाशी लावून निदान अर्धा दिवस चालू ठेवा. कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला चिकटलेली असेल तर पाच-सात सेंटिमीटर पुढे ओढा. पावसाचा मारा झेलणारी भिंत थंड असते, तिच्यावर ओल धरते, आणि हवा खेळायला जागा नसेल तर ती ओल कपाटात उतरते.

कपडे इस्त्री करून लगेच आत ठेवू नका. वाफेची इस्त्री असेल तर तासभर बाहेर टांगून मग घडी घाला. ओलावा शोषणाऱ्या डब्या बाजारात मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असते. त्यात खारे पाणी साठत जाते. डबी खालच्या कप्प्यात सरळ ठेवा, कारण ते पाणी चामड्यावर किंवा रेशमावर सांडले तर डाग जात नाही. पाणी खुणेपर्यंत आले की टाकून द्या.

कपाट कोरडे झाल्यावर सुगंधाची पाळी. मलमलच्या पिशवीत वाळलेल्या वाळ्याची मुळे, पंचवीस-तीस ग्रॅम, एका कप्प्याला एक. वेखंडाचे दोन-तीन तुकडे लोकरीच्या कपड्यांत. बकुळीची फुले सुकल्यावरही वास धरून राहतात, तेव्हा सावलीत पूर्ण कडक वाळवलेली फुले साड्यांच्या घड्यांत ठेवता येतात. मात्र कागदात गुंडाळून ठेवा, नाहीतर कापडावर तांबूस डाग पडतात.

डांबरगोळ्या आणि कापूर एकाच कप्प्यात कधीही नको. दोन्ही एकमेकांना टेकले की खोलीच्या उष्णतेतच पाझरतात आणि कपड्यांवर तेलकट डाग पडतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर डांबरगोळ्या ठेवूच नयेत. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यातल्या नॅप्थॅलिनने फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते.

घरात मांजर आहे. पाण्याची वाफ सोडणारा डिफ्यूजर लावावा का? (नागपूर)

टी ट्री, निलगिरी, दालचिनी, लिंबूवर्गीय तेले मांजराच्या घरात लावू नका. ही द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. तेलाचे सूक्ष्म थेंब केसांवर बसतात आणि मांजर अंग चाटते तेव्हा ते पोटात जातात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यापेक्षा चांगली सोय तुमच्या हाताशी आहे: कूलरला वाळ्याच्या ताट्या. हंगामाच्या सुरुवातीला त्या स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवून पहिले लालसर पाणी फेकून द्या. कूलरचे पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदला. शिळ्या पाण्याने वाळ्यालाही आंबूस वास येतो आणि डासही होतात.

उदबत्तीने सासऱ्यांना खोकला येतो, पण संध्याकाळी सुवास हवा असतो. (सांगली)

कोणतीही उदबत्ती जळते तेव्हा धुराचे बारीक कण होतातच, महागडी असो वा साधी. दम्याचा त्रास असलेल्या माणसाच्या खोलीत ती लावू नये. देवघरात लावायची असेल तर खिडकी उघडी ठेवून, अर्धी मोडून लावा. धूप आणि लोबान निखाऱ्यावर घालायचे असतील तर दारे-खिडक्या उघड्या असतानाच, आणि निखारा रात्री खोलीत ठेवून झोपू नका. त्याच्या वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.

सासऱ्यांसाठी फुले आणा. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दिवेलागणीला उमलायला लागल्या की पसरट वाटीत दोन सेंटिमीटर पाण्यावर सोडा. मूठभर कळ्या एका खोलीला भरपूर होतात. सोनचाफ्याची तर तीन-चार फुले पुरतात. फुलांच्या तीव्र वासानेही कोणाला शिंका येत असतील, तर वाटी खोलीबाहेर पॅसेजमध्ये ठेवा.

इराण्याकडच्यासारखा चहा घरी का होत नाही? चहा पावडर तीच वापरतो. (ठाणे)

कारण घरी आपण पाणी, दूध, साखर, पावडर एका भांड्यात उकळतो. तिथे चहाचा काढा वेगळा आणि आटवलेले दूध वेगळे असते, आणि दोन्ही कपात भेटतात.

चार कपांसाठी ५०० मिलिलिटर पाणी, चार चमचे बारीक दाण्याची पावडर, सहा चमचे साखर. पाण्याला उकळी आल्यावर पावडर आणि साखर घाला, आच अगदी मंद करा, झाकण ठेवा आणि वीस मिनिटे हात लावू नका. हैदराबादकडे झाकणाची कड कणकेने लिंपून दम देतात, घरी जड झाकण पुरते. दरम्यान दुसऱ्या पातेल्यात अर्धा लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर, तळ खरवडत, ३५० मिलिलिटर होईपर्यंत आटवा. काढा गाळून कपात अर्ध्याहून थोडा कमी घ्या आणि वरून गरम दूध ओता.

इतका वेळ शिजलेला काढा नुसता चाखला तर जीभ आवळते. दुधातली प्रथिने त्या तुरट द्रव्याला धरून ठेवतात, म्हणून दूध घट्ट हवे. पातळ, सायविरहित दुधात हाच चहा कडू लागेल. मोठ्या आचेवर खळाखळा उकळला तरी तेच. आले या चहात नको. तरीही घालायचे असेल तर काढ्यात घाला आणि चांगले उकळू द्या, कारण कच्चे आले दुधात पडले की त्यातल्या पाचक द्रव्याने दूध फाटते.

मस्का पावासाठी लोणी फ्रिजमधून तासभर आधी काढा. एका बनला वीस ग्रॅम, कडेपर्यंत लावायचे. ब्रून पावाचे कवच कडक असते, तो जाड कापून चहात बुडवण्यासाठीच आहे.

निवृत्तीनंतर रोज तासभर कॅफेत बसावेसे वाटते, पण एकट्याने जागा अडवून बसणे बरे दिसते का? (दादर)

वेळ बरोबर निवडली तर कोणाला अडचण होत नाही. सकाळी नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर, साडेदहा ते बारा, किंवा दुपारी तीन ते साडेचार. एकट्याने दोघांचे टेबल घ्यावे, चौघांचे नाही. चहा संपल्यावर अर्ध्या तासाने दुसरे काही मागवावे. गर्दी वाढली की वेटरला आपणहून सांगावे, समोरच्या खुर्चीवर कोणी बसले तरी चालेल. इराणी हॉटेलांत ही पद्धत जुनीच आहे.

दादरहून सोयीची ठिकाणे दोन दिशांना आहेत. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास कूलर अँड कंपनी हे इराणी आणि कॅफे मद्रास हे दाक्षिणात्य. पण कॅफे मद्रासला बाहेर रांग असते, तिथे खाऊन उठायचे, वाचत बसायचे नाही. दुसरीकडे मरीन लाइन्सजवळ, धोबी तलावाला, १९०४ पासूनचे कयानी. तिथे खारी आणि मावा केक सकाळीच घ्या, ताजे तेव्हाच मिळतात. बॅलार्ड इस्टेटचे १९२३ मधले ब्रिटानिया दुपारच्या जेवणाचे ठिकाण आहे, त्याकडे संध्याकाळच्या चहासाठी जाऊ नका. चहा कडक हवा असेल तर ऑर्डर देताना ‘पानी कम’ म्हणा आणि साखरेचे त्याच वेळी सांगा, काही ठिकाणी ती आधीच घातलेली असते.