सोडियमचा प्रवाह उणे ४० मिलिव्होल्टला एकदम उसळतो. हा चॅनेलचा (पेशीपटलातल्या सोडियमच्या दाराचा) गुण की क्लॅम्पचा (पिपेट या काचेच्या बारीक नळीतून पेशीचं व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रणेचा) दोष, असं तुम्ही विचारलंत.

तुम्ही दिलेले आकडे असे: एचईके पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी), उणे ४५ला जवळजवळ काही नाही, उणे ४०ला थेट ५ नॅनोअँपिअर, सिरीज रेझिस्टन्स (पिपेट ते पेशी या वाटेतला रोध) ६ मेगाओम, कॉम्पेन्सेशन (त्या रोधाची चूक भरून काढणारी यंत्रातली सोय) बंद. माझ्या मते दोष क्लॅम्पचा आहे. ५ गुणिले ६ म्हणजे ३० मिलिव्होल्टची चूक. प्रवाह आत येणारा, म्हणून पेशीपटल उणे ४०वर नाही, उणे १०च्या आसपास आहे. थोडे चॅनेल उघडले की व्होल्टेज वर सरकतं, त्याने आणखी उघडतात, आणि व्होल्टेज-प्रवाहाचा आलेख कड्यासारखा उभा होतो.

आधी पिपेट रुंद तोंडाची ओढा, दीड ते दोन मेगाओमची. पेशी फोडल्यावर (पिपेटच्या तोंडाखालचं पटल उघडल्यावर) सिरीज रेझिस्टन्स पिपेटच्या दुप्पट-अडीचपट होतोच. त्याहून जास्त असेल तर हलकं सक्शन द्या, तरीही उतरला नाही तर ती पेशी सोडा. कॉम्पेन्सेशन ८० टक्क्यांपर्यंत न्या, पण पिपेटची आणि पेशीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) रद्द केल्यानंतरच, दहा-दहा टक्क्यांनी. सिग्नल थरथरू लागला तर पिपेटच्या टोकाजवळ सिलगार्डचा (सिलिकॉन रबराचा) लेप द्या आणि बाथमधलं (पेशी ठेवलेल्या भांड्यातलं) द्रावण उथळ ठेवा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे प्रवाहच कमी करणं. बाहेरचं सोडियम १४० मिलिमोलरवरून ३०वर आणा, उरलेल्या जागी कोलीन क्लोराइड घाला. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अक्षतंतूवर (जाड चेतातंतूवर) सोडियमचा वाटा वेगळा काढला तो कोलीन वापरूनच; १९५२चे ते निबंध आजही वाचण्यासारखे आहेत. त्यांनी तंतूच्या आत लांबीभर तार घातली होती, म्हणून सगळीकडे व्होल्टेज एकसारखं राहिलं. लांब शाखांच्या न्यूरॉनमध्ये ती सोय नाही, तिथे कितीही कॉम्पेन्सेशन दिलं तरी दूरच्या शाखा हाताबाहेरच राहतात.

पिपेटमध्ये पोटॅशियमऐवजी सीझियम असू द्या. सीझियम फ्लोराइडने सील (पिपेट आणि पेशीपटल यांची घट्ट जोड) छान बसतं, मात्र त्या द्रावणात कॅल्शियम घालू नका, साका बसतो. फ्लोराइड वापरल्यास पेशी फोडल्यावर पहिली काही मिनिटं ॲक्टिव्हेशन (चॅनेल ज्या व्होल्टेजला उघडतात ते) सरकत राहतं. ते स्थिरावल्यावरच नोंदी घ्या.

मग पडताळा. आत १० मिलिमोलर सोडियम असेल तर रिव्हर्सल (प्रवाहाची दिशा जिथे उलटते ते व्होल्टेज), बाहेर ३० असताना, अधिक २८ मिलिव्होल्टच्या जवळ यायला हवं. त्यानंतर टेट्रोडोटॉक्सिनने (सोडियम चॅनेल बंद करणाऱ्या विषाने) प्रवाह निम्मा करा: एनएव्ही १.७ या प्रकारच्या सोडियम चॅनेलला साधारण दहा-वीस नॅनोमोलर पुरतं, १.५ला मायक्रोमोलर लागतं. विष जीवघेणं आहे, हातमोजे घाला. क्लॅम्प नीट असेल तर आलेखाची उंची घटेल, पण आकार तसाच राहील. चढ सौम्य होऊन उजवीकडे सरकला, तर आधीचे आकडे वापरू नका.