पाच वर्षांची मुलगी चित्रपुस्तकांत रमते पण बाहेर नेलं की लगेच बोअर होते. तिला निसर्गाची गोडी कशी लावायची?

तुम्ही लिहिलंय की पुस्तकातले पेंग्विन, जिराफ सगळे ती बरोबर ओळखते पण बागेत नेलं की पाच मिनिटांत "घरी चला" सुरू होतं, आणि तुम्हालाही झाडापक्ष्यांची नावं येत नाहीत म्हणून काय दाखवायचं ते सुचत नाही. मी लहान मुलांच्या वर्गाला शिकवते त्यामुळे पालक हे सारखं विचारतात, आणि माझं पहिलं सांगणं एकच असतं, पुस्तकं बदला. मुलीचं काही चुकत नाहीये, तिच्या पुस्तकात जे आहे ते बागेत नाहीच तर ती बिचारी तिथे बघणार काय? पेंग्विन, जिराफ असू देत, पण जोडीला मुंगी, गोगलगाय, गांडूळ, कोळी, सुरवंट, पाऊस, बी रुजणं अशा विषयांवरची पुस्तकं आणा, म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकलं की जे दिसतं त्याचीच.

आणि क्रम उलटा करून बघा. आपण आधी पुस्तक वाचतो आणि मग "चल, आता खरं दाखवते" म्हणतो. चालतं तेही, पण आधी खरी गोष्ट मनसोक्त बघितलेली असली आणि दोन दिवसांनी तीच पुस्तकात सापडली की मूल जे उसळतं ना, "हे तर आपण पाहिलंय!" करून, त्याची सर कशालाच नाही. मग ते पुस्तकातल्या चुकासुद्धा काढायला लागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने चित्रातल्या कोळ्याचे पाय मोजून सांगितलं की हे सहाच आहेत, खऱ्याला आठ असतात, तर त्यानंतर कितीतरी दिवस सगळी पोरं मिळेल त्या पुस्तकात कोळ्यांचे नि मुंग्यांचे पाय मोजत बसलेली. (मुंगीला सहाच, कारण ती कीटक आहे. कोळी कीटक नाही.)

पुस्तक निवडताना एक बघा. प्राण्यांना कपडे घातलेले, ते शाळेत जातात, वाढदिवस करतात असली पुस्तकं गोष्ट म्हणून छानच असतात, मीही वाचते, पण प्राणी कसा जगतो हे कळावं म्हणून ती कामाची नाहीत. टोरोंटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये यावर अभ्यास छापलाय, त्यात माणसासारखं बोलणारे-वागणारे प्राणी असलेल्या पुस्तकांतून मुलं त्या प्राण्यांबद्दलची खरी माहिती कमी शिकली आणि खऱ्या प्राण्यांनाही माणसासारखं समजायला लागली असं दिसलं. म्हणून निसर्गासाठीचं पुस्तक वेगळं ठेवा, फोटोंचं किंवा खऱ्यासारख्या चित्रांचं. शब्द कमी असले तर उत्तमच, मुलं मग स्वतः बोलतात.

आता बाहेर. मोठी बाग, ट्रेक वगैरे काही नको, एवढ्या लहान मुलांना चालायचाच कंटाळा येतो. एक झाड नाहीतर एक कुंडी ठरवा आणि परत परत तिथेच जा, आणि बसा. लिंबाचं झाड मिळालं तर फारच छान, कारण लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडांवर काही फुलपाखरं अंडी घालतात. कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षाही बारीक, फिकट पिवळसर गोल ठिपका दिसला तर तो रोज बघत राहा. त्यातून निघणारा सुरवंट सुरुवातीला थेट पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, काळपट आणि मध्ये पांढरा, म्हणजे पक्षी त्याला खायला जात नाहीत. मोठा झाला की कात टाकून एकदम हिरवागार होतो आणि पानात दिसेनासा होतो. त्याला काडीने अगदी हलकं टोचलं तर डोक्यामागून लालसर-नारिंगी दोन टोकांचं शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो! हे एकदाच करा हं, सारखं छळायचं नाही. मग तो रेशमाच्या धाग्याने स्वतःला फांदीला बांधून घेतो आणि कोष करतो, आणि ऊबदार हवेत साधारण आठवडा-दोन आठवड्यांत फुलपाखरू बाहेर येतं, चुरगळलेल्या पंखांचं, ते पंख हळूहळू ताणत जातं. हे सगळं बघितलेल्या मुलाला सुरवंटाचं पुस्तक हातात द्या, ते तुम्हालाच वाचून दाखवेल.

नावं येत नाहीत याची अजिबात काळजी करू नका. "याला काय म्हणतात?" हे विचारलं आणि सांगितलं की विषय तिथेच संपतो, त्यापेक्षा "हा काय खात असेल?", "हा इथेच का बसलाय?" हे प्रश्न लांब जातात. फोटो काढा, घरी पुस्तकात दोघी मिळून शोधा. पुस्तक बाहेरही न्या, मळलं तर मळू दे. तिने काढलेली चित्रं शिवून तिचंच एक पुस्तक करा, मुलं स्वतःचं पुस्तक सगळ्यात जास्त वेळा उघडतात.

सांभाळायचं एवढंच की केसाळ सुरवंटाला हात लावू द्यायचा नाही, अनोळखी फळ, पान, अळंबी तोंडात घालायची नाही, दगड उचलून खाली बघितलं की हळूच होता तसाच परत ठेवायचा (खाली कुणीतरी राहत असतं), आणि आल्यावर हात साबणाने धुवायचे.

लिंबाचं झाड नसलं तर मुंग्यांपासून सुरू करा, त्या सगळीकडे असतात आणि आजच सापडतील. रांग दिसली की मध्ये साखरेचा एक दाणा ठेवा आणि आधी तिला विचारा, काय होईल सांग बरं? मग रांगेच्या वाटेवर ओलं बोट एकदा आडवं फिरवा. मुंग्या वासाचा माग काढत चालतात, तो पुसला गेला की तिथे येऊन थबकतात, इकडेतिकडे फिरतात, आणि थोड्या वेळाने वाट परत जुळते. ती किती वेळ बघत बसते ते बघा, आणि ती स्वतः उठेपर्यंत उठवू नका.