सही झाली, आता पुढे?

दोन कंपन्यांमधल्या सहकार्याच्या करारावर सही झाली म्हणजे ज्ञानाची देवाणघेवाण आपोआप सुरू होईल, असं समजू नका. दोन्हीकडचे इंजिनिअर एकाच यंत्रापाशी उभे राहतील, अशी सोय आधी करा. कागदावर न उतरणारं कसब तसंच हाती लागतं. टोयोटाने पुरवठादारांचं मंडळ १९४३ पासून जपलं. १ फेब्रुवारी १९९७ ला टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीचा जपानमधल्या कारिया इथला कारखाना जळाला आणि ब्रेकच्या एका व्हॉल्व्हचा पुरवठा जवळजवळ बंदच पडला. आयसिनने आराखडे खुले केले, कितीतरी कंपन्यांनी पूर्वी कधीच न केलेला तो भाग करून दिला आणि काही दिवसांत गाड्या पुन्हा तयार होऊ लागल्या! इतका विश्वास आयत्या वेळी उभा राहत नाही. आणि हो, काय सांगायचं नाही तेही पहिल्याच बैठकीत ठरवा. पेटंट कुणाचं, हा वाद नंतर फार कडवट होतो.