ताडोबा पाहून झालं. आता वयस्कर आईवडील आणि मुलांना घेऊन समुद्राकाठचं भितरकनिका बघायला जावं का? गाइड घ्यावा का?

जरूर जा, आणि गाइड घेऊनच जा. तुम्ही नागभीडचे, मी सिंदेवाही तालुक्यातला, म्हणजे आपली जंगल बघायची सवय एकच. पहाटे गेटवर रांग, जिप्सी, आणि परत आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न : वाघ दिसला का? ती सवय घरी ठेवून जा, हे अगदी कळकळीनं सांगतो. भितरकनिकात वाघ नाही. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात, ब्राह्मणी आणि वैतरणी नद्या समुद्राला मिळतात तिथलं हे खारफुटीचं जंगल. रस्त्यांच्या जागी खाड्या, जिप्सीच्या जागी बोट. आणि काय दिसणार हे भरती-ओहोटीवर.

आधी महिना ठरवा. आपण ताडोबाला एप्रिल-मेमध्ये जातो, कारण पाणवठे आटले की जनावर हमखास पाण्यावर येतं. तोच हिशेब तिथं लावला तर गेट बंद मिळेल. १ मे ते ३१ जुलै मगरींच्या विणीसाठी उद्यान बंद असतं. धानाचे पुंजणे चुरून झाले, धान विकला गेला, की निघा. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. थंडीत मगरी ऊन खायला काठावर येतात, आणि वयस्कर माणसांना तिथला दमट उकाडाही सोसावा लागत नाही. फक्त जानेवारीच्या सुरुवातीला मगरगणनेसाठी काही दिवस प्रवेश बंद ठेवतात, त्या तारखा आधी विचारून घ्या.

आता गाइडचं. बोट ठरवताना भाड्याच्या आधी एकच गोष्ट विचारा : उद्या ओहोटी कधी आहे? जो लगेच वेळ सांगेल आणि त्या वेळेला तुम्हाला खाडीत न्यायला तयार होईल, तो आपला माणूस. भरतीला पाणी झाडांच्या बुंध्यापर्यंत चढतं, तेव्हा दोन्ही काठांना नुसती हिरवी भिंत दिसते. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि सगळा कारभार त्या चिखलावर दिसतो.

आमच्या नावाड्यानं एका वळणावर इंजिन बंद केलं आणि हात केला तो मगरीकडे नाही, चिखलातल्या एका गुळगुळीत घसरणीकडे. मधे पोटाचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे, आणि खाचेत अजून पाणी साचत होतं. म्हणजे जनावर आत्ताच उतरलंय. बघता बघता बोटीपासून थोड्या अंतरावर दोन डोळे आणि नाकाचा उंचवटा वर आला. पुढच्या वळणाला दुसरी मगर अख्खी काठावर पडलेली, जबडा उघडा. तो राग नसतो, अंग थंड ठेवायची तिची रीत असते. ताडोबाच्या तलावात असते ती गोड्या पाण्यातली मगर. ही खाऱ्या पाण्यातली, आणि हिचा नर वीस फुटांपर्यंतही वाढतो. आपली मगर वाळूत खड्डा करून अंडी घालते, ही पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात घालते. वेगानं बोट हाकणाऱ्याबरोबर यातलं काहीच दिसत नाही.

मुलांना खालीच बघायला लावा. चिखलावर पुढच्या परांनी सरकत उड्या मारणारे मासे असतात, एकच नांगी मोठी असलेले नर खेकडे ती हलवत बसलेले असतात, आणि जमिनीतून खिळ्यांसारखी वर आलेली मुळं असतात. त्या मुळांनी ती झाडं श्वास घेतात. जलगोधा म्हणजे पाण्यातली मोठी घोरपडही दिसते. आपल्या बांधीत गोगलगायी फोडत फिरतो तो उघड्या चोचीचा करकोचा तिथं हजारोंनी घरटी करतो, पण ते बघायचं तर ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये जावं लागेल. वयस्कर माणसं सोबत असतील तर पावसाळ्यात मी नेणार नाही.

एक गोष्ट मनाला लागते. १९७५ मध्ये भितरकनिकातल्याच डांगमाळला मगरींची पिल्लं वाढवून सोडायचं काम सुरू झालं, तेव्हा तिथं शंभर मगरीसुद्धा नव्हत्या. २०२४ च्या गणनेत त्या १८११ झाल्या. फार मोठं काम आहे हे. पण त्याची किंमत नदीकाठची गावं मोजतात. आंघोळीला, भांडी घासायला पाण्यात उतरलेल्या माणसांवर हल्ले होतात, म्हणून घाटांना कुंपण घातलेलं दिसेल. मोहफुलं वेचायला वाघाच्या जंगलात गेलेलं माणूस परत येत नाही तेव्हा गावाची काय गत होते, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा त्या घाटांचे हसत फोटो काढू नका. नावाड्याला गावाबद्दल विचारा, ते मनापासून सांगतात आणि हिंदी बोलतात.

कासवांच्या आशेनं मात्र जाऊ नका. शेजारचं गहिरमाथा ऑलिव्ह रिडले कासवांसाठी जगप्रसिद्ध आहे, पण ती ज्या बेटांवर अंडी घालतात तिथं पर्यटकांना जाता येत नाही. कुणी दाखवतो म्हणाला तर पैसे देऊ नका. कासवंच बघायची असतील तर गंजाम जिल्ह्यातल्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाची वेगळी चौकशी करा.

नागभीडहून गोंदिया, गोंदियाहून पुरी-भुवनेश्वरकडची गाडी, आणि भुवनेश्वरहून केंद्रापाडामार्गे गुप्ती किंवा खोला गेट, चारेक तास धरा. मुक्काम वनखात्याच्या निसर्ग शिबिरात करा. इको टूर ओडिशाच्या संकेतस्थळावर बुकिंग होतं, सगळ्यांची ओळखपत्रं लागतात. जेवणाची चिंता नको, आपल्यासारखाच दोन्ही वेळ भात, वर मासळी. बोटीत लाइफ जॅकेट काढू देऊ नका, मुलांना पाण्यात हात घालू देऊ नका. आणि ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या खाली उघड्या पडतात, शेवाळलेल्या असतात. आईबाबांना चढउतार करवताना एकानं बोटीत आणि एकानं पायरीवर उभं राहा, किंवा त्या दोघांपुरती डांगमाळची चढउतार भरतीला होईल अशी वेळ नावाड्याशी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.