करार चार वर्षांचा, बांधिलकी आठ वर्षांची

प्रश्न : मुलगा अमेरिकेच्या लष्करातला चार वर्षांचा करार पुरा करून बाहेर पडतोय. नोकरीही ठरली आहे. पण ‘सही आठ वर्षांची आहे’ असं म्हणतो. त्याला परत बोलावू शकतात का? आणि मग नोकरीचं काय?

उत्तर : हो, बोलावू शकतात. तिथे पहिल्यांदा भरती होणाऱ्याची बांधिलकी एकूण आठ वर्षांची असते. प्रत्यक्ष सेवा संपली की उरलेला काळ बहुतेकांचं नाव ‘इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह’ या राखीव सैनिकांच्या यादीत राहतं. तिथे ना दरमहा कवायत, ना पगार. फार तर वर्षातून एक दिवस हजेरी, तिचा भत्ता मिळतो.

डीडी २१४ हा सेवामुक्तीचा कागद हाती आला की सहावा रकाना आधी बघायला सांगा. बांधिलकी संपण्याची तारीख तिथे असते. मनाने हिशेब करू नये. तारीख चुकली असेल तर सही करण्याआधीच बोलावं. नंतर दुरुस्तीसाठी डीडी २१५ काढून घ्यावा लागतो.

घोळ होतो तो मुख्यतः पत्त्याचा. मुलं घर बदलतात, फोन बदलतात, आणि आदेश जुन्या पत्त्यावर जाऊन पडतो. पत्ता, लग्न, मूल, मोठं आजारपण, सगळं कळवत राहणं त्याच्यावर बंधनकारक आहे, अगदी भारतात राहायला आला तरी. ही भीती नुसती कागदावरची नाही. २००४ मध्ये इराक युद्धासाठी या यादीतले हजारो जण बोलावले गेले. राष्ट्रीय आणीबाणीत सलग २४ महिन्यांपर्यंत ठेवून घेता येतं. आदेश आल्यावर गप्प बसणं सगळ्यात घातक. आजारपण किंवा घरची खरी अडचण असेल तर सूट किंवा मुदत मागता येते, मात्र पुराव्यांसह आणि हजर होण्याच्या तारखेआधी.

नोकरीला ‘यूसेरा’ कायद्याचं संरक्षण आहे. जाण्याआधी मालकाला कळवायचं, शक्यतो लेखी. सेवा १८० दिवसांहून जास्त झाली तर परतल्यावर ९० दिवसांत, ३१ ते १८० दिवस झाली तर १४ दिवसांत कामावर परत घेण्याचा अर्ज करायचा. ही मुदत मात्र चुकवू नये.

मुलगा अधिकारी असेल तर आणखी एक गोष्ट. आठ वर्षं भरली म्हणून त्याचं नाव आपोआप निघत नाही. कमिशनचा, म्हणजे अधिकारीपदाच्या नेमणुकीचा, राजीनामा देऊन तो मंजूर करून घ्यावा लागतो.