पाचगणीला जरूर जा, पण कोथरूडचं घर विकून नको

प्रश्न थोडक्यात असा: वय 39, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार 1 लाख 70 हजार. कंपनीने कायम घरून काम करायची परवानगी दिली आहे. कोथरूडचा फ्लॅट 2014 मध्ये 58 लाखांना घेतला, आज 1 कोटी 5 लाख येतील. कर्ज 18 लाख उरलंय, हप्ता 31 हजार. फ्लॅट विकून पाचगणीजवळ 40 लाखांची शेतजमीन घ्यायची, 45 लाखांत घर बांधायचं आणि पत्नी व दुसरीतल्या मुलीसह तिथेच राहायचं. "जमीन लगेच घेतली नाही तर नफ्यातला मोठा वाटा करात जाईल, म्हणून घाई आहे."

उत्तर शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण बाकीची सगळी घाई तिथूनच आली आहे.

23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराच्या नफ्यावर निवासी भारतीयाला दोन प्रकारे हिशोब करता येतो: महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा तो लावून वीस टक्के. ज्यात कर कमी बसेल तो भरायचा. पहिल्या प्रकारे तुमचा नफा 47 लाख आणि कर, उपकर सोडून, 5 लाख 88 हजारांच्या घरात. दुसऱ्या प्रकारे, 2014-15 चा निर्देशांक 240 आणि 2025-26 चा 376 धरला, तर तुमची खरेदी किंमत सुमारे 90 लाख 87 हजार होते. नफा उरतो 14 लाखांच्या आसपास आणि कर उपकरासह तीन लाखांच्या आत. तीन लाख ही लहान रक्कम नाही. पण ती वाचवायला 85 लाखांचा निर्णय महिनाभरात उरकणं मला पटत नाही.

शिवाय कराची सूट मिळते ती राहतं घर घेतल्यावर किंवा बांधल्यावर. नुसत्या जमिनीवर नाही. बांधायचं तर फ्लॅट विकल्यापासून तीन वर्षांत घर उभं राहायला हवं. आता जागा कुठली आहे ते बघा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने 2001 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तिथे झाड तोडण्यापासून उतार कापण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर बंधन आहे. "पुढे एनए (म्हणजे बिगरशेती) होऊन जाईल" असं एजंटने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ते झालं नाही, तर जमीन पडून राहील आणि सूटही जाईल. त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे तुम्ही शेतकरी खातेदार, म्हणजे सरकारी नोंदीत शेतकरी, आहात का? नसाल, तर महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन तुमच्या नावावर होतच नाही. पत्रात याचा उल्लेखही नाही, म्हणून मला खरंच काळजी वाटते.

पैशांचं गणितही ताणलेलं आहे. कर्ज फेडून हातात 87 लाख येतात. त्यातले 85 जमीन आणि बांधकामाला गेले, की मुद्रांक शुल्क, नोंदणी, विहीर किंवा बोअर, कुंपण हे सगळं कशातून करणार? विटा-सिमेंट पसरणी घाट चढून वर जातं, त्याचं भाडं अंदाजपत्रकात धरलंय का? तुमची मुदत ठेव तीन लाखांची आहे, म्हणजे तीन महिन्यांचाही खर्च नाही.

आणि हे सगळं उभं आहे कंपनीच्या एका पत्रावर. वरचा साहेब बदलला की असं पत्र बदलतं. तेव्हा कोथरूडचं घर हातात असेल तर तुम्ही आठवड्यात परत येऊ शकता. नसेल तर तोच फ्लॅट पुन्हा घेण्याइतकं कर्ज चाळिशीनंतर काढावं लागेल.

पत्नी घरी शिकवण्या घेऊन महिन्याला 18 हजार कमावतात, त्याला तुम्ही "वरखर्चाचे" म्हटलंय. वर्षाचे ते 2 लाख 16 हजार होतात. पाचगणीत हे विद्यार्थी नसतील. ऑनलाइन किती टिकतील, हे त्यांनाच विचारा आणि तोपर्यंत हिशोबात ही रक्कम शून्य धरा.

मी सुचवतो ते असं. फ्लॅट भाड्याने द्या. तुमच्या इमारतीत 28 हजार मिळतात, म्हणजे हप्त्याचा बराच भाग निघेल. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जास्तीचे पैसे मागेल, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. पाचगणीत तुम्ही पाहून ठेवलेलं 24 हजारांचं घर अकरा महिन्यांच्या करारावर घ्या. दोन्ही करार नोंदवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे.

पगार आणि भाडं मिळून 1 लाख 98 हजार. त्यातून हप्ता 31, पाचगणीचं भाडं 24, घरखर्च 55, एसआयपी 35 आणि फ्लॅटची देखभाल साडेतीन हजार वजा करा. साधारण 49 हजार उरतात. दुसरी इंटरनेट लाइन, इन्व्हर्टर, पुण्याच्या फेऱ्या आणि भाड्यावरचा कर यासाठी पंधरा हजार ठेवा. बाकीचे आकस्मिक निधीत टाका. वर्षभरात मुदत ठेवीच्या तीनाचे सात लाख होतील, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च.

हे वर्ष जूनपासून मोजा. तुम्ही पाचगणी पाहिली ती मे महिन्यात, टेबललँडवर. जुलैत तिथे धुकं आठवडाभर हलत नाही, पाऊस अडवायला भिंतींना गवताचे आडोसे (झडी) बांधावे लागतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. मुलीला वाईला डॉक्टरकडे न्यायचं तर तोच ओला घाट. हे सगळं आवडूही शकतं. बऱ्याच जणांना आवडतं. शाळेचं मात्र आत्ताच विचारा, कारण तिथल्या नावाजलेल्या शाळा मुख्यतः निवासी आहेत. डे-स्कॉलरला, म्हणजे रोज घरून येणाऱ्या मुलीला, घेतात का आणि फी किती, हे लेखी घ्या.

पावसाळा काढून दिवाळीनंतरही मन तिथेच असेल, तर आधीच बांधलेलं, कागद स्वच्छ असलेलं छोटं घर शोधा. कोरी जमीन नको.

एजंटला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावती आणि सातबारा घेऊन याच आठवड्यात साताऱ्यातल्या एखाद्या जमीन-व्यवहार जाणणाऱ्या वकिलाला भेटा.