वाचक विचारतात: वर्षातला एक नंबरचा अल्बम ठरवायचा तरी कसा?

डिसेंबर संपत आला की या पानावर गाण्यांचीच पत्रं जास्त येतात. यावेळी त्यातली चार घेतलीयेत. पहिल्याला मोठं उत्तर दिलंय कारण त्या पत्रात दोस्ती पणाला लागलीये, आणि खरं सांगायचं तर बाकीच्या तिघांचीही अडचण फिरून तीच आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही सहा जण शाळेपासूनचे मित्र, सगळे नाशिकच्या सिडकोतले. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कॉलेज रोडला चहाला भेटतो आणि वर्षातले टॉप दहा अल्बम काढतो, मराठी हिंदी जे ऐकलं असेल ते. मागच्या वेळी इतकं वाजलं की दोघं अजून एकमेकांशी धड बोलत नाहीयेत. एक म्हणतो मी सगळ्यात जास्त ऐकतो म्हणून माझ्या मताला वजन जास्त, दुसरा म्हणतो तुझे निम्मे अल्बम या वर्षाचेच नाहीत. काहीतरी नियम सांगा. (एक वाचक, सिडको)

उत्तर: दादा, आधी वर्षाचं मिटवा, कारण निम्मी भांडणं तिथेच असतात. हे वाटतं तितकं सोपं नाहीये. 'जोगवा' थिएटरला लागला २००९ च्या सप्टेंबरात, पण त्याला मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार २००८ सालचे आहेत, संगीताचा अजय-अतुलला, गायनाचे हरिहरन आणि श्रेया घोषालला. असं कसं? तर ते पुरस्कार सेन्सॉर सर्टिफिकेटच्या तारखेवर चालतात, थिएटरच्या नाही. 'मी वसंतराव'चं तर अजून लांबलं, पिक्चर आपल्याला बघायला मिळाला एप्रिल २०२२ मधे आणि राहुल देशपांडेंचा राष्ट्रीय पुरस्कार २०२० चा. आता तुमच्यातला एक जण पुरस्काराचं वर्ष धरून बसला आणि दुसरा रिलीजचं, तर दोघंही बरोबर आणि भांडण कायम. त्यात 'नटरंग' लागला १ जानेवारी २०१० ला, एक दिवस आधी लागला असता तर 'जोगवा' आणि 'नटरंग' एकाच वर्षात येऊन एकमेकांसमोर उभे राहिले असते, बघा म्हणजे एका दिवसाने काय होतं.

म्हणून माझं सांगणं असं की लोकांना ज्या दिवशी ऐकायला मिळालं तो दिवस धरायचा, आणि डिसेंबरात बसायचंच नाही. 'वेड' आठवा. पिक्चर आला ३० डिसेंबर २०२२ ला. तुमचा शेवटचा रविवार त्या वर्षी २५ तारखेला होता, गाणी यायला लागली होती पण खरी कानात बसली ती जानेवारीत, म्हणजे तुमच्या हिशोबात तो अल्बम ना इकडचा ना तिकडचा. आम्ही घरचे आणि शेजारचे मिळून सहा जण संक्रांतीनंतरच्या रविवारी बसतो. डिसेंबरात आलेल्याला तेवढे तरी दिवस मिळतात.

आता मतांचं. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस नावाच्या साप्ताहिकात समीक्षकांचं एक वार्षिक मतदान व्हायचं, १९७० च्या दशकात सुरू झालेलं आणि पुढे कितीतरी वर्षं चाललेलं. त्यांची पद्धत मला फार आवडते. प्रत्येकाकडे १०० गुण. ते दहा अल्बममधे वाटायचे, कुणालाही ५ पेक्षा कमी नाही आणि ३० पेक्षा जास्त नाही. बस. याची गंमत अशी की नुसता 'माझा एक नंबर' सांगून भागत नाही, किती आवडला तेही मोजावं लागतं. तिसावर कुलूप असल्यामुळे एखादा हट्टी माणूस आपल्या लाडक्यावर सगळे शंभर ओतू शकत नाही, आणि जो जास्त ऐकतो त्याच्याकडेही शंभरच.

आमची २०२२ ची वही अजून आहे माझ्याकडे, शाईचा एक डाग पडलाय त्या पानावर पण आकडे वाचता येतात. 'चंद्रमुखी'ला दोघांनी तीस-तीस दिले, एकाने दहा, दोघांनी पाच-पाच आणि एकाने यादीतच घेतलं नाही. ८०. 'वेड'चंही तसंच, दोन तीस, दोन दहा, एक पाच, एक कोरा, म्हणजे ८५. दुपारभर भांडण या दोघांचंच चालू होतं, 'चंद्रा' मोठं की 'बेसुरी', आवाज इतके चढले की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. आणि 'मी वसंतराव'ला एकानेही पहिला नंबर दिला नव्हता. पण सहाही जणांनी घेतलं होतं, पंधरा, पंधरा, वीस, वीस, पंधरा, वीस. बेरीज १०५. मी तीनदा केली बेरीज कारण कुणाचा विश्वासच बसेना. ज्याच्यासाठी कुणी आवाज चढवला नाही तो सगळ्यांच्या घरी वाजत होता हे कागदावर आल्याशिवाय आम्हाला कळलंच नव्हतं.

तर तुम्हीही चिठ्ठ्या घरून लिहून आणा, गुपचूप, समोर बसून नाही. समोर बसलं की पहिला जो बोलतो त्याच्याकडे बाकीचे झुकतात. आणि एकच अट कडक ठेवा, गुण द्यायचे तर अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला पाहिजे, दोन रील बघून नाही. त्या दोघांकडे संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायचंच आहे तुम्हाला, तेव्हाच गुणांचा कागद हातात द्या.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, पंचवटीत रूम घेऊन राहतो. माझ्या ऑल टाइम लिस्टमधे 'सैराट' पहिला आहे. माझा मोठा भाऊ म्हणतो चार गाण्यांचा कसला अल्बम, ती तर नुसती चार गाणी. तो बरोबर आहे का? (एक विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर: नियमाने बघितलंस तर भाऊ बरोबर आहे रे. अमेरिकेतले ग्रॅमी संगीत पुरस्कारवाले अल्बम कशाला म्हणतात, तर किमान पाच वेगळी गाणी आणि १५ मिनिटं, नाहीतर गाणी कितीही असोत पण सगळं मिळून ३० मिनिटं. 'सैराट'ची चार गाणी, सगळी मिळून साधारण वीस मिनिटं. दोन्हीकडे कमी पडतो.

पण अल्बम हा शब्द आला कुठून ते भावाला सांग. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-चार मिनिटंच मावायची, मोठं काही ऐकायचं तर पाच-सहा तबकड्या लागायच्या आणि त्या फोटोच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे. १९४८ ला कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, वही गेली आणि नाव राहिलं. म्हणजे मुळात अल्बम म्हणजे एकत्र ठेवायच्या गोष्टी. किती, हा प्रश्न नंतरचा.

आणि एकत्र का ठेवायच्या, हे 'सैराट'इतकं स्वच्छ फार कमी ठिकाणी दिसतं. एकदा हेडफोन लावून चारही सलग ऐक, मधे काही नको. 'याड लागलं' हे मुलाचं एकट्याचं, अजयच्या आवाजात. 'आताच बया का बावरलं' मुलीचं, श्रेया घोषाल. 'सैराट झालं जी' दोघांचं, चिन्मयी आणि अजय. आणि मग 'झिंगाट', तिथे एकटादुकटा कुणी उरतच नाही, अख्खं गाव येतं. एक माणूस, दुसरा माणूस, दोघं, सगळे. पिक्चर न बघता नुसत्या गाण्यांवरून गोष्ट पुढे सरकते, आणि त्याच्यामागे जो मोठा वाद्यवृंद आहे तो लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केलेला, गावातल्या पोराच्या प्रेमाला एवढा मोठा वाद्यमेळ द्यायची हिंमत मला आजही भारी वाटते. यातलं एक गाणं काढ आणि बघ बाकीची तीन कशी वाटतात. काढल्यावर भोक पडत असेल तर तो अल्बम.

हीच कसोटी जुन्यांनाही लाव. 'शिवकल्याण राजा' १९७४ चा, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचा, लताबाई आणि हृदयनाथ. त्यात रामदास आहेत, भूषण आहे, कुसुमाग्रज आहेत, शतकांचं अंतर आहे आणि तरी एकच धागा. मिलिंद इंगळेंचा 'गारवा' घे, गाण्यांच्या मधे सौमित्रच्या कविता, त्याच्याच आवाजात. शफल लावून 'गारवा' ऐकणं म्हणजे पाऊस बाटल्यांत भरून ठेवण्यासारखं आहे, करू नकोस. तुझा नंबर एक मी पास करते.

प्रश्न: मी नाशिकरोडला राहतो, वय ७१. मुलाने २०१५ च्या उत्तम अल्बममध्ये 'कट्यार काळजात घुसली' पहिला लिहिला. मी म्हटले ही तर आमच्या तरुणपणीची पदे, ती २०१५ ची कशी? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर: काका, तुमचा आक्षेप अर्ध्या अल्बमला लागू होतो. 'घेई छंद मकरंद', 'सुरत पिया की' ही पदं १९६७ च्या नाटकाची, पं. जितेंद्र अभिषेकींची, त्यांच्या चालीचं श्रेय २०१५ ला देणं मला पण पटत नाही. पण 'सूर निरागस हो', 'मनमंदिरा' ही शंकर-एहसान-लॉय यांची, नवी. आणि महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अरुणी किरणी'च्या गायनासाठी. म्हणून मी असं करते: चालीचे गुण फक्त नव्याला, गायनाचे गुण सगळ्याला. वसंतराव देशपांडेंनी रंगभूमीवर खाँसाहेब केला आणि पन्नास वर्षांनी त्यांचा नातू राहुल त्याच पदांना आवाज देतो, तर त्याची मेहनत त्या वर्षाचीच धरायला हवी ना.

आपल्या नाशकाला तरी हे वेगळं सांगायला नको. इथेच राहिलेल्या वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा' नाटकाला १९६४ मधे अभिषेकींनीच संगीत दिलं, ती पदं आजही इथे मैफलीत फर्माइशीला येतात आणि दर वेळी गाणारा नवा असतो. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला थंडीत शाल घेऊन बसलेली माणसं जुनं पद ऐकूनच आलेली असतात, आज हा कसं म्हणतो तेवढं ऐकायला.

प्रश्न: इतका वाद कशाला, ज्याला जास्त व्ह्यूज तो नंबर वन. आणि ऐकून तुलना करायची तर नीट कशी करायची? (एक वाचक, सातपूर)

उत्तर: व्ह्यूजने एवढंच कळतं की किती वेळा वाजलं. अमेरिकेत अल्बमच्या खपाची यादी काढणाऱ्या बिलबोर्डने २०१४ च्या शेवटी स्ट्रीम धरायला सुरुवात केली तेव्हा १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला असा हिशोब लावला, म्हणजे तेव्हा एकच गाणं पंधराशे वेळा वाजलं तरी अख्खा अल्बम खपल्यासारखाच. आपल्याकडे तर एखादं गाणं हळदीत, वरातीत, मंडळाच्या स्पीकरवर आपण न मागता शंभरदा कानावर पडतं. ते आवडतं गाणं असेलही, नाही असं नाही, पण बाकीची पाच गाणी कशी होती ते त्यातून कळत नाही.

ऐकायचं म्हणाल तर एक गोष्ट नक्की करा, आवाज सारखा ठेवा. दोन गाणी लागोपाठ लावली आणि एक जरासं मोठ्याने वाजलं तर कान त्यालाच चांगलं म्हणतो, हे भल्याभल्यांचं होतं. सेटिंगमधे व्हॉल्यूम एकसारखा ठेवायचा पर्याय बहुतेक अ‍ॅपमधे असतो तो चालू करा, तोच हेडफोन दोन्हीला वापरा, एक अल्बम आज आणि दुसरा उद्या त्याच वेळेला ऐका, गाडीत नको, अंबडच्या ट्रॅफिकमधे तर नकोच. आणि तिसऱ्यांदा ऐकून होईपर्यंत गुण लिहू नका.